चावी डावीकडं

१९६८ साली मी बत्तीस वर्षांचा होतो आणि औरंगाबादेत गाड्या दुरुस्त करायचो. एका वकीलसाहेबांच्या उजव्या हाताची बोटं मशीनमध्ये सापडून तुटली. त्यांच्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची चावी उजवीकडंच होती.

"उस्ताद, ती डावीकडं घ्या," ते म्हणाले. "गाडी चालवणं तरी माझ्याकडं राहू द्या."

मी दुसरीपर्यंत शिकलेला. वायरिंगचा इंग्रजी नकाशा काय कळणार? तारा मी रंगावरून ओळखायचो. त्या सुती वेष्टनाच्या तारा लई कळकटल्या होत्या, म्हणून चावीचा स्विच सोडवून थिनरनं पुसल्या. मळाबरोबर रंगही गेला. पाचही तारा एकसारख्या राखाडी झाल्या. एक जरी चुकली तर गाडी जळली असती.

तीन दिवस मी गाडीपुढं नुसता बसून होतो.

बायको म्हणाली, "शहागंजातल्या गाड्यांच्या वायरमनला विचारा की."

त्याला मी चारचौघांत नुसता बल्ब बदलणारा म्हणून हिणवलं होतं. "मरीन, पण त्याच्या दारात जाणार नाय."

"मरा मग. वकीलसाहेबांना काय सांगू?"

संध्याकाळी साहेब आले. स्टिअरिंगवरची धूळ त्यांनी डाव्या हातानं पुसली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायरमनच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो, आणि तो येताना दिसला तसा उठून उभा राहिलो.