मोहावरचा पांढरा पट्टा

तेव्हा आमचा जिल्हा चांदाच होता. गावामागची जुनी कोळशाची खदान आतून पोकळ झाली, अन् एका पावसाळ्यात वरची जमीनच धसली. मंग थंडीत एक साहेब आला, पुण्याकडचा. म्हणे, खड्डा मातीनं बुजवाचा अन् त्यावर पुन्हा झाडं लावाची. त्यासाठी इथी काय उगवते, पाणी किती पडते, ऊन किती तापते, हे पहिले पाहाचं.

गावाले हे काही पटलं नाई. खदानवाले कोळसा नेतात, मुरूम नेतात. झाडं लावाले कोण येते?

साहेब जमिनीवर दोरीचा चौकोन मांडे अन् त्यातलं गवत काडी-काडी पाहे. माळावर पाऊस मोजाचा डबा गाडला. आभाळात ढग नाई, तरी रोज सकाळी वाकून आत पाहे.

"आपला पाऊस मोजून याले काय भेटते?" माय म्हणे. "थोडा थोडा नेत असंल."

शाळेत मी बाकी काही शिकलो नाई, पण साऱ्या मास्तरायचे आवाज शिकलो. हा साहेब मले आयताच सापडला. नाकात बोले, दर वाक्याले "बरं का" म्हणे.

एका सकाळी खड्ड्याच्या काठच्या मायच्या मोहाच्या झाडावर चुन्याचा पांढरा पट्टा दिसला.

तो मोह आमचा. कागदावर नाई, पण गावात कोणी त्याच्याखाली टोपलं नेत नसे. फागुनात माय खालचा पाला जाळे, जागा झाडून काढे, अन् पहाटे फुलं येचे. अर्धा उन्हाळा आम्ही त्यावर काढो. अन् आमच्या मुलखात खूण केलेलं झाड म्हणजे मेलेलं झाड. मामा आलापल्लीकडं जंगलात कूपात, सरकारी तोडीवर, कुऱ्हाड चालवे. तिथी पहिले खूण होये, मंग घाव.

मायनं शेण कालवलं अन् पट्टा लिपून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टा. पुन्हा शेण. चार-पाच दिवस हेच चाललं. दोघंही एकमेकाले कधी दिसले नाई.

संध्याकाळी चहाच्या दुकानासमोर मी दावणीच्या दोरीचा चौकोन केला, नाकावर बोटांचा चष्मा लावला.

"अहो, जरा बाजूला व्हा बघू! या गवताला त्रास होतोय, बरं का!"

लोक हसून लोळले. मंग मी मोहाकडं हात केला. "अन् हा मोह? पट्टा मारा! उद्या आडवा करू, बरं का!"

कोणी हसलं नाई. मागं पाहतो तं साहेब उभा, हातात चुन्याची बादली.

"नक्कल छान झाली," तो म्हणाला. "पण शेवटचं वाक्य माझं नव्हे. पट्टा आहे ती झाडं ठेवायची. त्यांच्या बियांपासून रोपं करणार. बिनपट्ट्याची उद्या तोडून तिथे माती टाकणार. आणि त्या मोहाला रोज शेण कोण फासतंय?"

मी घरी पळालो. मायनं सारं ऐकलं अन् माह्याकडं डोळे बारीक करून पाहिलं.

"खरं बोलून राह्यला का तो? तू त्याच्यासारखा बोलतं. तुले त्याच्या पोटातलं माहीत असंल."

"माय, मी आवाज काढतो. पोट नाई."

"मंग काय कामाचा तू!"

तरी तिनं भिंतीचा चुना घेतला अन् मोहाले सारीकडून पट्टा मारला, साहेबापेक्षा दुप्पट रुंद. मंग विळा मांडीवर घेऊन बुंध्याशी बसली. मी म्हटलं, "भरवसा हाय तं विळा काऊन?" म्हणे, "भरवसा पट्ट्यावर. विळा साहेबासाठी."

सकाळी कुऱ्हाडवाले आले. शेजारचा बिनपट्ट्याचा धावडा धाडकन पडला. मंग एक गडी आमच्या मोहापाशी आला. मायनं विळा घट्ट धरला. त्यानं पट्टा पाहिला, मायकडं पाहिलं, म्हणाला, "बाई, एवढा चुना तं आमच्या घरालेही नाई," अन् पुढं गेला.

फागुनात फुलं पडली. पहिलं टोपलं भरून माय घरी आली, ते आंगणात ठेवलं, अन् माळावरच्या त्या डब्याकडं पाहत बसली.

"झाड तं ठेवलं," ती म्हणाली. "पण खरं काऊन ठेवलं असंल?"