मालनबाईच्या लक्ष्म्या

मिरजगावच्या मालनबाई कुंभारणीला स्वतःचा चेहरा ठाऊक नव्हता. माहेरी आरसा नव्हता, सासरी नव्या सुनेला त्यात बघायची मुभा नव्हती. नवरा गेला तेव्हा ती विशीतली. सासूनं त्याच दिवशी घरातला आरसा उतरंडीमागे सारला आणि तो तिथंच राहिला. पुढं सासूही गेली, पण आरसा काढायचं हिच्या मनात कधी आलं नाही.

तरी चेहरे घडवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. भादव्यात घरोघरी जोडीनं बसणाऱ्या थोरल्या-धाकट्या लक्ष्म्यांचे मुखवटे ती करी. बाकीचे साच्यातून काढत, बत्ताशासारखे, एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं. मालनबाईला साच्याचा भारी तिटकारा. तळ्याची माती, पिंजलेला कापूस आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा एकत्र मळून ती डोळे मिटून बसे. एक हात स्वतःच्या गालावरून, नाकावरून फिरे आणि दुसरा तेच मातीला सांगे. मग खडूचा हात, गालांना पिवळी पिवडी, ओठांना लाल हिंगूळ, डोळ्यांना घरचं काजळ. "मापाला दुसरं त्वांड आनू कुठनं?" ती म्हणे. बायका हसत आणि मुखवटे घेऊन जात.

जर्मनची लढाई संपली त्या वर्षी पाटलाच्या घरची गोजरबाई आली. तिच्याकडची थोरली लक्ष्मी पडून फुटली होती. जोड जमावी म्हणून धाकटी तिनं पदरात गुंडाळून आणलेली.

"हिच्यावानीच पायजे बघ. माझ्या सासूनं तुझ्याकडनंच नेल्ती, तू नवी नवरी हुतीस तवा."

मालनबाईनं थोरली घडवली, वाळवली, रंगवली. धाकटीशेजारी ठेवली आणि दोघींवरून नजर फिरवली. धाकटीचे गाल कसे भरलेले. थोरलीच्या गालांना खळगे, डोळे थकलेले. हात बिघडला म्हणावा, तर नाक तेच, भुवई तीच, ओठाची डावीकडची चुणीसुद्धा तीच. तिनं उतरंडीमागनं आरसा ओढला आणि पदरानं पुसला.

आरशात थोरली लक्ष्मी होती.

तिनं धाकटी उचलून हातात धरली. म्हणजे ही धाकटी मी? अशी दिसत होते मी? नवी नवरी मालन ओठांत हसू धरून तिच्याकडं बघत होती, आणि मालनबाईला ती जन्मात पहिल्यांदा भेटत होती. हात जोडावेत की तिच्या गालावरून फिरवावेत, कळेना. इतकं नवल तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मग तिनं आरसा पालथा घातला. इतकी वर्षं घरोघरी पाटावर बसली ती एका रांडमुंड बाईची सूरत! हे कळलं तर गोजरबाई मुखवटा उंबऱ्याच्या आत घेणार नाही, आणि गावात पुन्हा कुणी तिच्या हातची लक्ष्मी नेणार नाही.

पण गोजरबाई दारात आली तेव्हा तिला लपवता आलं नाही.

"पाटलीनबाई, नेऊ नगा. ह्या दोनी मीच हाय."

गोजरबाईनं एक मुखवटा पाहिला, दुसरा पाहिला, मग मालनबाईकडं पाहिलं.

"अगं बया! म्हंजी माझी सासू जलमभर तुझ्या पाया पडली की गं. अन् मीबी!"

मालनबाईनं मान खाली घातली.

"अशी बगतीस काय खाली? थोरली थोरलीवानी दिसाय नको व्हय? आन हिकडं."

तिनं कनवटीची कुंकवाची डबी काढली, तिथंच चाकाशेजारी बसली आणि थोरलीच्या भुवयांमध्ये बोट टेकवलं. किती वर्षांनी आपल्या कपाळाला कुंकू लागताना मालनबाई डोळे भरून बघत राहिली.