रुद्रय्याअण्णांच्या मेंदूचा फोटो

कबनूरच्या आमच्या गल्लीत रुद्रय्याअण्णा दारू पितात हे सगळ्यांना ठाऊक होतं; ठाऊक नव्हतं ते फक्त अण्णांना. कोपऱ्यावरची चहाची गाडी माझी, तेव्हा ही बातमी गावभर पोचवण्यात माझा वाटा मोठा, हे आधीच कबूल करतो.

माणूस यंत्रमागावरचा जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. पक्का लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, सुपारीचंही व्यसन नाही. पण दोन वर्षांपासून पाय भलतीकडेच पडायचे, जीभ जड व्हायची, हातातला पाना निसटायचा. मालकानं घरी बसवलं. बायको अक्काताई रोज संध्याकाळी उंबऱ्यातच तोंडाचा वास घ्यायची. वास काही यायचा नाही. मग तिनं ठरवलं, हे बिनवासाची पितात, आणि नवऱ्याशी बोलणंच टाकलं. वर्षभर ती भांड्यांशी बोलायची.

एकदा अण्णा माझ्या गाडीपुढंच पडले, कपाळाला टाके पडले. ते काढताना गावातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सरळ रेषेत चालवून पाहिलं आणि म्हणाल्या, ही दारू वाटत नाही. कोल्हापुरात अशा दुर्मिळ आजारांत मेंदूचे फोटो काढून अभ्यास चाललाय, तिथं जा. अक्काताई सोबत निघाली ती नवऱ्याचं सोंग उघडं पाडायला. मी गेलो, कारण मन खात होतं.

एमआरआयच्या त्या खडखडाटात भलेभले घाबरतात. अण्णा पाऊण तास ढिम्म, जणू मागाशेजारीच पडलेत. बाहेर येऊन मशीनवाल्याला म्हणाले, "मशीन झ्याक हाय, पर धोटा जरा सैल झालाय बघा." धोटा म्हणजे मागात आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो.

डॉक्टरांनी पडद्यावर दोन मेंदू शेजारी लावले, एक निरोगी माणसाचा, एक अण्णांचा. मागच्या बाजूचा लहान मेंदू चालण्याबोलण्याचा तोल सांभाळतो. अण्णांचा आक्रसला होता. दारूनंही असं होतं का, अक्काताईनं वकिलासारखं विचारलं. होतं, डॉक्टर म्हणाले, पण खाली मेंदूच्या देठात ही फुलीसारखी खूण दिसते ना, ती दारूनं उमटत नाही. आजार दुर्मिळ आहे, बरा करणारं औषध अजून नाही, म्हणून तर हे फोटो हवेत.

अण्णांनी त्यातलं 'दारूनं नाही' एवढंच ऐकलं. फोटो मागून घेतला आणि लग्नाची पत्रिका वाटावी तसा दाखवत सुटले. दारावरच्या वॉचमनला दाखवला, लिफ्टमधल्या अनोळखी पावण्यांना दाखवला. मालकाला फोन लावून फुली समजावली. मालक ओशाळून म्हणाला, सोमवारपासून या, नुसतं स्टुलावर बसून मागाचा आवाज ऐका आणि बिघाड सांगा. परतताना एसटीत मी त्यांचे पाय धरले. ते खदखदून हसले. इतका आनंदी आजारी मी जन्मात पाहिला नव्हता.

अक्काताई मात्र खिडकीकडं तोंड करून बसलेली. हातकणंगल्याच्या पुढं तिला हुंदका फुटला आणि वर्षभरानं ती नवऱ्याशी बोलली, "दारूच पीत असता तर बरं झालं असतं की. सोडवली असती म्या."

अण्णांनी तिचा हात हातात घेतला.

"बोललीस न्हवं? आता बोलत ऱ्हा."

कबनूर येईपर्यंत ती थांबली नाही.