मनीषनगरच्या दाराची हलणारी फळी

तुमच्या घराच्या बाहेरच्या दाराची फळी दाबल्यावर जराशी हलली, तर तुम्ही सुताराला नापास कराल का?

मनीषनगरातल्या एका काकूंनी मला केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांची वास्तुशांत. सागाचं दार आम्ही नुकतंच बसवलं होतं. काकूंनी तळवा टेकवून दाबलं. खड्. पुन्हा दाबलं. खड्.

"काहून वं, नवं दार अन् असं वाजते? पाहुणे काय म्हणतीन? मले नाही पाहिजे, घेऊन जा."

मी दारांच्या कारखान्यात सुतारकाम करते. हे दार माझ्या हातचं. आमचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, सोबत होते. त्यांनी लगेच नेलगन, म्हणजे हवेच्या जोरावर खिळे मारणारी बंदूक, माझ्यापुढे धरली.

"फळीले चारी बाजूनं खिळे मार. आवाज बंद, विषय खतम."

"नाही मारणार."

"अवं, पगार मी देऊन राहिलो का तू?"

"तुम्हीच देता, भाऊ. पण फळी फाटली तर ऊन काकूच्या घरात येईल, तुमच्या नाही."

कारण साधं आहे. दाराच्या आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढतात, तिला कूस म्हणतात. ती उभ्या पट्टीच्या खाचेत ठोकून बसवायची. हा जोड घट्टच हवा, दाराचं वजन त्याच्यावर असतं. मधली फळी मात्र खोबणीत नुसती सरकवायची. गोंद नाही, खिळा नाही. आपल्या उन्हाळ्यात ती आक्रसते, पावसाळ्यात फुगते. चारी बाजूंनी जखडली की तडकते.

मी काकूंना विचारलं, "जुन्या घरचं दार पावसाळ्यात कसं लागे?"

"लाथ मारा लागे."

"अन् उन्हाळ्यात?"

"आपोआप उघडे."

भाऊ हसले. काकू नाही हसल्या. "मंग हे वाजणंच चांगलं म्हणून राहिली का तू?"

"हलणं चांगलं. वाजणं मी बंद करते."

दार उतरवलं. वरच्या आणि खालच्या पट्टीच्या बरोब्बर मध्यावर ड्रिलने भोक पाडलं आणि फळीत एकेक लाकडी खुंटी ठोकली. फळी मधोमध धरली गेली, दोन्ही कडा मोकळ्या राहिल्या. दार पुन्हा चढवलं. काकूंनी दाबलं. मग जावयाला बोलावून त्याला दाबायला लावलं. आवाज नाही. दार राहिलं.

गाडीत भाऊ म्हणाले, "गिऱ्हाइकासमोर मले नाही म्हणाचं नाही."

"मग गिऱ्हाइकासमोर चुकीचं सांगू नका."

दुसऱ्या दिवसापासून मी मॉड्युलर किचनचा सनमायका कापत होते. दारं दुसऱ्यांच्या हातात, नेलगनसकट.

मे महिन्यात त्याच गल्लीतलं आमचं दुसरं दार फाटलं. वरपासून खालपर्यंत फट, आतून रस्ता दिसे. फळीच्या कडेला नेलगनचे खिळे, पॉलिशखाली झाकलेले. भाऊ म्हणाले, लाकूड खराब निघालं. मी म्हटलं, लाकडाला बोल लावू नका, ते काही पगारावर नाही. त्या आठवड्यात मला पुन्हा दारांवर घेतलं. माफी कोणी मागितली नाही. मला दारं हवी होती, ती मिळाली.

धडा एवढाच: दारासाठी भांडायचं तर पॉलिश लागण्याआधी भांडावं. नंतर खिळे दिसत नाहीत.

म्हणून तुम्ही दाराची ऑर्डर दिली असेल, तर पॉलिशच्या आधी स्वतः कारखान्यात जा. कोपऱ्याचा जोड दाखवायला सांगा. फळीच्या कडेला खिळा दिसला, तर तो उपटेपर्यंत तिथून हलू नका.