कॅन्टीनचं औषध

हरणाबाईनं आयुष्यात पुष्कळ सोसलं. नवरा मिलिटरीत, तेव्हा माण तालुक्यातली कोरडवाहू रानं आणि मेंढरं तिनं एकटीनं सांभाळली. दोन्ही बाळंतपणं तो सरहद्दीवर असतानाच उरकली. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी ती बाई नव्हे. गैर दिसलं की बोलणार, मग समोर सरपंच असो नाहीतर सख्खा भाऊ.

सुभेदार आकाराम पेन्शनीवर घरी आला आणि काही वर्षांत त्याच्या अंगात जोर राहीना. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "हिपॅटायटीस सी आहे. तीन महिने रोज गोळी घ्या, बरे व्हाल. पण लिव्हर सुजलंय. दारू थेंबभरसुद्धा नको."

आकारामनं मान डोलावली आणि घरी येऊन संध्याकाळी रमची बाटली काढली.

"आवं, डॉक्टरीणबाईनी काय सांगितलं?"

"दारू नगं म्हणल्या. ही काय दारू हाय व्हय? ही कॅन्टीनची हाय."

सगळं गाव इथंच चुकतं! गुत्त्यावर पिणारा तो बेवडा, आणि फौजीच्या कॅन्टीनची रम मात्र औषध. पोराला पडसं झालं, चोळा छातीला. म्हातारीची कंबर धरली, द्या चमचाभर. वाटी घेऊन लोक दारात हजर! बाटलीवरचा शिक्का बदलला म्हणून आतलं विष दूध होतं का? लिव्हरला काय शिक्का वाचता येतो?

यात्रा आली, बोकड कापला. हरणाबाईचा धाकटा भाऊ लालासाहेब चार पाहुणे घेऊन आला. तिनं त्याला आल्याआल्याच बाजूला घेऊन बजावलं, "लाला, दाजींना आग्रह करू नगंस. गोळ्या चालू हायत्या." त्यानं हो हो म्हटलं. रश्श्याला कढ आला म्हणून ती सांगायला बाहेर आली, तर हाच शहाणा दाजींचा ग्लास भरत होता.

"घ्या दाजी, औषधावर औषध! मिलिटरीचा माल बाधत न्हाई."

पाहुणे खिदळले. आकारामनं ग्लास ओठाला लावला.

हरणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं आत जाऊन पातेलं उतरवलं, त्यावर परात झाकली आणि येऊन दारात उभी राहिली.

"उठा समदी. जेवाण मिळणार न्हाई."

"आक्का, यात्रेचा पाहुणा उपाशी घालवतीस?"

"घालवते! माझ्या दाल्ल्याला मारतोस आन् वर तुला मटण वाढू? त्याच्या तेराव्याला ये, तवा वाढीन पोटभर!"

पाहुणे चपला शोधू लागले. यात्रेच्या दिवशी भाऊ बहिणीच्या दारातून उपाशी गेला, असं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. लालासाहेब मागं न बघता निघून गेला.

आकाराम तिच्यावर उसळला. "चार माणसांत माझी अब्रू घालवलीस."

"गेली तर जाऊ द्या," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "आवं, निम्मा जन्म तुमच्या मनीऑर्डरीसंगं काढला मी. आता कुटं माणूस घरी आलाय. त्यो तरी मला पुरू द्या की!"