मोगऱ्याच्या कोपऱ्यातला चार्जर

फवारणीच्या हातपंपानं बाबांचा उजवा खांदा खाऊन टाकला होता. पाठीवर टाकी, डाव्या हातात नळी आणि उजव्या हातानं दांडा सारखा वरखाली. डॉक्टरांनी दांडा बंद करायला सांगितलं, बाबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तोच पंप पाठीला लावला. चांदूर बाजारजवळ आमचा मोगरा. ऐन उन्हाळ्यात कळी भरात येते आणि अळीही तेव्हाच. मी अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. म्हटलं, बॅटरीवरचा पंप घ्या, चार्जर मी बनवते.

चार्जरचा जीव नखाएवढ्या चिपमध्ये. बॅटरी फार उतरलेली असेल तर चिप आधी थेंबथेंब करंट देते, बॅटरी सावरली की भरपूर. भरत आली की हात आखडता घेते आणि भरली की लाल दिव्याच्या जागी हिरवा लावून आपणच बंद होते. शिवाय बॅटरीला चिकटवलेल्या मण्याएवढ्या सेन्सरवरून चिपला बॅटरीची उष्णता कळते. हे सगळं मी बाबांना मोठ्या ऐटीत समजावलं. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळं झकास चाललं होतं.

घरी टिनाच्या खोलीत लावलं आणि अर्ध्या तासात लाल दिवा विझला. पुन्हा लावलं, पुन्हा विझला. सांधे तपासले, वायर बदलली. दोन दिवस हेच.

"हे तं बंदच पडून राहिलं, बाई," बाबा म्हणाले. रागावले नाहीत. खुंटीवरचा हातपंप मात्र त्यांनी काढला. मला रडूच आलं.

मग ट्यूब पेटली. लॅबमध्ये कूलर होता, इथं डोक्यावर तापलेलं टिन. चिपला बॅटरी गरम लागत होती, म्हणून ती थांबत होती. वऱ्हाडात जन्मून मी वऱ्हाडचं ऊनच विसरले होते! पण तेव्हा मला अक्कल सुचली ती वेगळीच. सेन्सर काढून तिथं साधा रेझिस्टर लावायचा, म्हणजे चिपला बॅटरी कायम थंडच वाटणार. मी डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापवलं. खरं तर तापले होते मीच.

"काय करून राहिली तू?" आईनं विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजे गरम असून त्याले थंड हाय म्हून सांगतं? काहून व? अन् फुटली तं ते कोनाच्या पाठीवर असन?"

माझा हात थांबला. सेन्सर होता तिथंच राहू दिला.

"कळ्या ठेवतो तिथं ने त्याले," आई म्हणाली. गोठ्यामागं कुडाची गार खोली होती. तोडलेल्या कळ्या ऑटो येईपर्यंत आई तिथं ओल्या पोत्याखाली ठेवायची. कोरड्या कोपऱ्यात टोपली पालथी घालून वर बॅटरी ठेवली. थोड्या वेळानं लाल दिवा लागला, तो टिकला.

बाबा हातपंप घेऊन दारातच उभे होते. आई त्यांच्याकडे वळली. "त्याले समजते कवा थांबाचं ते. तुमाले कवा समजन?"

बाबा हसले. पंप खाली ठेवला. "बरं, त्याचं व्हयेस्तोवर बसतो," म्हणत कुडाला टेकले आणि बघता बघता घोरायला लागले. कळीच्या हंगामात बाबांना दुपारी झोपलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

मग तो त्यांचा रिवाजच झाला. दुपारी स्वतः बॅटरी तिथं न्यायची आणि शेजारी आडवं व्हायचं. आता बाबा नाहीत. मी कॉलेजात हाच चार्जर शिकवते आणि सेन्सरपाशी आले की दोन मिनिटं फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

बाबा होते तेव्हा सुट्टीत मीही तिथं बसायची, मोगऱ्याच्या त्या गार वासात. "झालं का, बाई?" बाबा डोळे न उघडता विचारायचे.

हिरवा दिवा केव्हाच लागलेला असायचा.

"नाही बाबा," मी म्हणायची, "वेळ आहे अजून."