मोनार्कच्या स्वागताला हिंग-ताक

सगळ्यात आधी मावशींचं सांगते, कारण त्या दिवशी त्या पुढं झाल्या नसत्या तर मी आज साउथहॅम्प्टनमध्ये नसते, निदान मला तरी तसंच वाटतं. मावशी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई. जन्मानं इंग्रज, आयुष्यभर सिटी बस चालवलेल्या, आता रिटायर. नावानं हाक मारा म्हणाल्या, पण माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. मी 'मावशी' म्हणाले. "याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं. आईची बहीण, म्हटलं. "चालेल," म्हणाल्या, "मला बहीण नव्हतीच."

मी मिरजेकडची. आठवीत शाळा सुटली. आमचे हे नर्स, इथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. हे ड्यूटीवर गेले की मी वरच्या मजल्यावर एकटी. मला सगळ्याचीच भीती वाटायची. कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या रंगांचे, कुठला कधी बाहेर ठेवायचा कळेना. चुकला तर कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, व्हिसा काढून घेईल असं माझ्या मनानं घेतलेलं. ह्यांनी शंभरदा सांगितलं, "अगं, कौन्सिलचा आणि व्हिसाचा काही संबंध नाही." पण शाळा सुटलेल्या माणसाचं एक असतं, सरकारी कागद दिसला की आधी चूक आपलीच वाटते.

मागची बाग मावशींची. मी खिडकीतून बघायची. एक दिवस त्यांनी वर बघून हात केला आणि ओरडल्या, "नुसती बघतेस काय? खाली ये की!" गेले. बाग कसली, अर्धी हिरवळ आणि अर्धं रान. त्यांनी बुटाच्या टाचेनं मातीत रेघ ओढली. "या बाजूची तुझी. काय हवं ते लाव."

एवढ्या मोठ्या मनाचं उत्तर काय द्यायचं? मी घाबरून मोठं वचन देऊन बसले. मोबाइलवर मी तेव्हा एका बाईंचे हिंदी व्हिडिओ बघायची. त्या मोनार्क, म्हणजे राजा, नावाच्या फुलपाखरांसाठी बाग करायच्या. केशरी पंखांवर काळ्या रेघा, सोनारानं आखल्यासारख्या. मिल्कवीड नावाचं झाड लावायचं, अळ्या दुसरं कसलंही पान खात नाहीत. शेजारी झिनिया, कॉसमॉस लावायचे, मोठ्या फुलपाखरांना मध मिळावा म्हणून. मी मावशींना छातीवर हात ठेवून सांगितलं, "ऑगस्टपर्यंत तुमची बाग मोनार्कांनी भरून टाकते."

मावशींनी चहाचा घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "राइट." एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीत घालून गार्डन सेंटरला नेलं. वळणं अशी घ्यायच्या की जणू मागं बसमध्ये पन्नास माणसं उभी आहेत. मिल्कवीडची तीन रोपं मिळाली. बियाही आणल्या. त्या ओल्या टिशूत गुंडाळून महिनाभर थंडीत ठेवायच्या असतात, म्हणून मी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या. ह्यांनी ड्यूटीवरून आल्यावर दह्याचा समजून तोच डबा उघडला.

"हे काय आहे गं?"

"फुलपाखरांचं आहे. झाकण लावा."

"मला काय आहे मग?"

"पिठलं आहे की."

जून उजाडेपर्यंत रोपं माझ्या कमरेला लागली. पान तोडलं की पांढरा चीक यायचा. मला तोवर एका केअर होमच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, किचनमध्ये काम लागलं होतं. रोज सकाळचं काम संपवून मी धावत यायची आणि पानं उलटी करून अंडी शोधायची. अंडी नव्हती. एक दिवस मात्र कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दिसला. नुसता थर. राजा यायच्या आत भिकाऱ्यांनी पंगत उठवली म्हणायची!

आईला फोन लावला. आई म्हणाली, "त्यात काय? ताक आंबव, हिंग टाक, मार."

"किती हिंग?"

"सढळ हातानं."

मी ताक आठ दिवस आंबवलं. हिंग गावाकडून आणलेला, खडा, अस्सल. सढळ म्हणजे किती ते आईनं सांगितलं नव्हतं, म्हणून मी आमटीच्या हिशोबानं न घेता लग्नाच्या हिशोबानं घेतला. रविवारी दुपारी, कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीनं तिन्ही झाडं न्हाऊ घातली. उरलं त्यातलं थोडं झिनियांना दिलं. मग वर जाऊन, अंगाला वास लागला म्हणून आंघोळ केली.

बाहेर येते तो रस्त्यावर गलका. समोरच्या घरातले गृहस्थ दारं वाजवत होते. "गॅस! गॅस लीक! कुणी दिव्याचं बटण दाबू नका!"

ह्यांनी शिकवलेलं होतं, आग-बिग लागली तर महत्त्वाच्या वस्तू घेऊन बाहेर पडायचं. मी दोघांचे पासपोर्ट घेतले आणि प्रेशर कुकर घेतला. ओले केस, एका हातात पासपोर्ट, काखेत कुकर, अशी मी फुटपाथवर उभी. सगळी गल्ली बाहेर. कुणाला चहाची किटली लावता येईना, त्यामुळं लोक फारच व्याकूळ झालेले. मलाही वास येत होता की नाही, खरंच सांगता येत नाही. माझं नाक हिंगातच वाढलेलं.

गॅसची व्हॅन आली. माणूस उंच, दाढीवाला, हातात यंत्र. मावशींचं किचन बघितलं, मीटर बघितलं, आमचं वरचं घर बघितलं. यंत्र काही बोलेना. पण वास तर येतोय! शेवटी त्यानं यंत्र खिशात घातलं आणि नाक पुढं करून बागेत चालू लागला. सगळी गल्ली त्याच्यामागं. तो माझ्या मिल्कवीडपाशी गुडघ्यावर बसला, एक पान हुंगलं आणि मागं असा उडाला की झिनियांवरच बसला.

तेव्हा मला कळलं. गॅस म्हणजे मीच.

"हे काय मारलंय? कुणी मारलंय?" त्यानं विचारलं.

आता लिहून घेतील, फोटो काढतील, सरकारी गाडी फुकट बोलावली म्हणून परत पाठवतील. आणि बाग? ती तर गेलीच. मी बोलायला तोंड उघडलं, पण इंग्रजी तर गेलीच, मराठीही आली नाही.

"मी," मावशी म्हणाल्या.

सगळे वळले. मावशी बागेतल्या आपल्या खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. "माझी बाग आहे, माझा मावा आहे. आमच्या घराण्यातला जुना उपाय."

"त्यात घातलंय काय?"

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी कसंबसं म्हणाले, "हिंग."

"हिंग," मावशी म्हणाल्या, जणू त्यांच्या आजीनं बारशाला वाटला होता. "आणि ताक. आता मला चहाची किटली लावू दे, का आणखी कुणाची झाडं हुंगायचीत?"

गॅसवाल्यानं कपड्यांवरची माती झटकली. मग हळूच म्हणाला, "माझ्या गुलाबांवर पण मावा आहे."

जाताना तो एक बाटली घेऊन गेला. म्हणजे त्या दिवशी आख्ख्या शहरात एकाच गाडीत खरोखर गॅसचा वास येत होता, आणि ती गाडी गॅसवाल्यांचीच होती.

मावा गेला, बरं का. झाडांना फुलं आली, गुलाबी झुपके. पांढरी फुलपाखरं आली, काळी-लाल आली, गब्बू भुंगे तर घरचं कार्य असल्यासारखे राबत होते. मोनार्क एकही आला नाही. ऑगस्ट गेला. मी रोज सांगायची, "वाटेत असतील, मावशी." त्या म्हणायच्या, "राइट."

सप्टेंबरात हे जेवताना मोबाइल बघत म्हणाले, "अगं, तुझी ती बाई अमेरिकेत राहते."

"मग?"

"मग मोनार्क पण तिथंच राहतात. इथं एखादा वाऱ्यानं भरकटून आला तर पेपरात येतं."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. ज्या बाईनं आख्ख्या गल्लीसमोर माझा हिंग आपल्या अंगावर घेतला, तिला मी सहा महिने थापा मारत होते! पुढचे तीन दिवस मी मागच्या खिडकीचा पडदा उघडला नाही. कामावरून आले की बूट हातात घेऊन जिना चढायची. मावशी रागावतील याचं एवढं नव्हतं. त्या काही न बोलता मातीतली ती रेघ पुसतील, आणि मला पुन्हा वरच्या खिडकीत बसावं लागेल, याचीच भीती.

चौथ्या दिवशी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन खाली गेले. पाठ केलेलं सगळं इंग्रजी दारातच सांडलं. "मावशी, मोनार्क येत नाहीत. इंग्लंडमध्ये नसतातच. मला माहीत नव्हतं. माझं शिक्षण कमी आहे. सॉरी."

मावशींनी एक शंकरपाळं तोंडात टाकलं. "मला माहीत होतं की, लव्ह."

"कधीपासून?"

"मार्चपासून. तू छातीवर हात ठेवलास ना, तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलली होतीस. मधे कोण तोडणार?" त्यांनी दुसरं शंकरपाळं घेतलं. "शिवाय माझे गुडघे बघ. अर्धी बाग फुकटात खणून मिळत होती. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली असेल, पण एवढी वेडी नाही."

मी रडायच्या बेतात होते, ते हसूच आलं.

"आता असं कर," त्या म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातली खाजकुयलीसारखी झुडपं काढू नकोस. ती काळी-लाल फुलपाखरं आहेत ना, त्यांच्या अळ्या तीच खातात. इथल्या पाहुण्यांचं आधी बघू. आणि तुझी बाजू अजून चार फूट वाढव. माझ्याच्यानं तेवढी हिरवळ कापून होत नाही."

"पण तुम्हाला मोनार्क बघायचा होता ना?"

"बघायला आवडलं असतं," मावशी म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावून डबा स्वतःकडंच ठेवला.

ह्यांनी परवा शोधून काढलंय. मदेरा नावाचं एक बेट आहे, तिथं मोनार्क बारा महिने असतात. आणि तिकडं जाणारी जहाजं इथल्याच बंदरातून सुटतात. मावशींना अजून सांगितलेलं नाही, कारण छातीवर हात ठेवून बोलायची मला आता धास्ती बसलीय. इथं मात्र लिहून ठेवते. केअर होमच्या पगारातून मी बाजूला काढायला लागलेय. एक दिवस मावशींना जहाजात बसवून मदेराला नेईन, आणि पहिला मोनार्क दिसेपर्यंत परत आणणार नाही.